गंजाचा भाव

बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात लाकडी रंध्यावर दोन जातींची माणसं वाकलेली दिसतात. सुतार पात्याची धार अंगठ्याने चाचपतो, फ्लॅटवाला गंज ओरिजिनल आहे ना ते बघतो. विकणाराही शहाणा झालाय, गंज पुसत नाही. मुठीला घासून खळगा पडला असेल तर भाव लगेच चढतो. खळगा पाडणाऱ्याच्या मजुरीत घासाघीस कधीचीच करून झालेली आहे.

दिनकर केळकरांनी अडकित्ते आणि दिवे जमवले, त्याचं संग्रहालय झालं. आमच्याकडे दिवाणखान्याचा कोपरा होतो: रंधा, वाकस, गिरमिट आणि वर पिवळा फोकस. पाहुण्यांना सांगायचं, ‘आजोबांच्या काळातलं!’ आजोबा पोस्टात होते, हे कशाला बोला?

पावसाळ्यात बाथरूमचं दार फुगतं, तेव्हा ॲपवरून सुतार येतो, इलेक्ट्रिक रंधा घेऊन. भिंतीकडे बघत म्हणतो, “साहेब, पातं उलटं बसवलंय.”

“असू दे हो. फोटोत असंच छान येतं.”