घरकुलाचा दर आणि वडापचं भाडं

प्रधानमंत्री आवास योजनेत २०१६ साली सपाट भागातल्या घरकुलाला १ लाख २० हजार रुपये ठरले, डोंगरी भागात १ लाख ३० हजार. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रानं योजना मार्च २०२९ पर्यंत वाढवली, आणखी दोन कोटी घरं धरली आणि दर मात्र तोच ठेवला. म्हणजे १३ वर्षं एकच रक्कम! तेवढ्यात गवंड्याची हजेरी थांबली का? डिझेल थांबलं का? राज्यानं २०२५ मध्ये ५० हजारांची भर घातली, सप्टेंबरात सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. दोन्ही गोष्टी चांगल्याच. पण बांधकाम स्वस्त होणार असं शहरातल्या दुकानातला भाव बघून सांगणाऱ्यांनी एकदा धनगरवाड्यावर माल पोचवून पाहावा.

वाळूच घ्या. घरकुलाला पाच ब्रास मोफत. पण मोफत ती नदीकाठी. दारात आणायची तर ट्रॅक्टर हवा, आणि रस्ता जितका उखडलेला तितकं फेरीचं भाडं चढं. पावसाळ्यात ट्रॅक्टरवाला यायलाच नको म्हणतो. विटा, खडी, सळई, सगळ्याचं तेच.

मालानंतर माणसाचं बघा. घरकुलाचे पैसे हप्त्यांनी येतात, बांधकाम जसं वर येईल तसे. फोटो, खातं, सही, कुठं अडलं की तालुक्याला हेलपाटा. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना पूर्ण मोफत. निर्णय उत्तम, पण सवलत मिळते गाडीत बसल्यावर. ज्या गावची मुक्कामाची एसटी बंद पडली, तिथं उरतं वडाप. त्यात अर्धं तिकीट नाही आणि जीप भरल्याशिवाय हलत नाही. वर त्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. वडापवाल्याला मी दोष देणार नाही, तो आहे म्हणून बाळंतीण दवाखान्यात पोचते. दोष गाडी बंद करून ती परत सुरू न करणाऱ्यांचा आहे.

मंत्रालयात घर आणि एसटी ही दोन खाती. गावात दोन्हींचा खर्च एकाच पदरातून जातो. रस्ता आणि गाडी सुधारली नाही, तर आडगावातलं घर महागतच जाणार, सिमेंटचा भाव कितीही उतरो.

रोजगार हमीची मजुरी केंद्र दरवर्षी नव्यानं ठरवत आलं. महाराष्ट्रात २०२५-२६ साठी ती ३१२ रुपये झाली. मग घरकुलाचा दर दरवर्षी का ठरू नये? त्यात अंतराप्रमाणे वाहतुकीची रक्कम वेगळी धरावी. आणि आगारप्रमुख व गटविकास अधिकारी यांनी एकत्र बसून एवढं तरी करावं: कचेरी उघडायच्या वेळेला गावची एसटी तालुक्यात पोचावी आणि कामं उरकल्यावर संध्याकाळी परतावी. त्याला दिल्लीच्या मंजुरीची गरज नाही.