त्यात काय एवढं!

कासुर्डीचे आप्पा काही एकटेच नाहीत. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या गावागावांत असा एक आप्पा सापडतो. सदऱ्याच्या खिशात पेनशेजारी टेस्टर आणि तोंडी एकच मंत्र: "त्यात काय एवढं? उघडून बघू की!" विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर, सप्ताहातला ॲम्प्लिफायर, तुकोबांची पालखी यवत मुक्कामाला निघाली की मंडपातला भोंगा, सगळं त्यांच्याच हातचं. मेकॅनिक बोलावणं म्हणजे आप्पांच्या लेखी घराण्याला बट्टा.

पंडिता रमाबाईंचं केडगाव कासुर्डीच्याच तालुक्यातलं, त्यामुळे चर्चचं आप्पांना अप्रूप नाही. ओळखीच्या एका पाळकसाहेबांकडचा जुना इलेक्ट्रॉनिक ऑर्गन खरखरायला लागल्याचं कळताच ते निघाले. पण वाजवून पाहताच खरखर राहिली बाजूला. "पाळकसाहेब, तुमचा गंधारच चढा आहे!"

कान खोटा नव्हता. सप्तकाचे बारा सारखे भाग केल्यामुळे ऑर्गनचा गंधार शुद्ध गंधारापेक्षा 14 सेंटनी, म्हणजे अर्ध्या स्वराच्या साधारण सातव्या हिश्श्याने, चढाच असतो. त्या बदल्यात कुठल्याही पट्टीत गाता येतं. "अहो, असल्या सुरांपायी 1940 साली रेडिओने पेटीला बाहेर काढलं होतं," आप्पांनी दाखला दिला आणि मागची फळी खोलली.

प्लग काढलेला होता, पण कपॅसिटरमध्ये वीज मागे राहते. दणका बसला तसे आप्पा म्हणाले, "काळजी नको, मशीनमध्ये जीव आहे." आत ट्यूनिंगच्या स्क्रूंवर कारखान्याने लाल ठिपके दिले होते. त्यांचा अर्थ 'हात लावू नका'. आप्पांनी तो 'इथून सुरुवात करा' असा लावला.

आप्पांचं भजन काळी चारचं. तिचा गंधार म्हणजे पांढरी एक. मूळ जागेची खूण न करता आप्पांनी तो स्क्रू जरा सढळ हातानेच फिरवला. अशा ऑर्गनमध्ये वरचा स्वर निम्मा-निम्मा करत खालची सप्तकं निघतात. एक उतरला की सगळीकडचे उतरतात. भजन असं गोड लागलं की आप्पांचे डोळे पाणावले.

रविवारी गायनवृंदाने पांढरी एकमध्ये गीत उचललं, आणि षड्जच घसरलेला! निम्मे ऑर्गनमागे गेले, निम्मे देवाच्या भरवशावर राहिले. आप्पांचं निदान तयार होतं: "ऑर्गन झकास आहे. गाणाऱ्यांनी काळी चार धरावी."

अखेर शहरातून मेकॅनिक आला. त्याने बाराही स्वर पुन्हा जुळवले. खरखर पट्ट्यांखालच्या धुळीची होती.

तेव्हा वाचकहो, ऑर्गन खरखरला तर आधी धूळ झाडा. कुणी फळी खोलायला बसलाच, तर त्याच्या कानाचं तोंड भरून कौतुक करा आणि हातातला पेचकस तेवढा काढून घ्या.