शिवसागरार्पणमस्तु

मेढ्याला चहा घेऊन बामणोलीच्या धक्क्यावर पोचलेला पर्यटक लाइफ जॅकेट घालायला कुरकुरतो आणि महागातला मोबाइल मात्र हाताच्या टोकाला धरून पाण्यावर ओणवा होतो. वासोटा किल्ल्याकडे निघालेली लाँच जरा वळली की 'गेला, गेला!' माणूस जागेवर, फोन शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात. मागोमाग गॉगल, टोपी, एका पायातली चप्पल. (उरलेली चप्पल जपून घरी कशाला नेतात, देव जाणे.) मग नावाड्याला गळ घातली जाते, "मामा, जरा बुडी मारून बघा ना!" मामा इंजिन हळू करतात, पाण्याकडे बघतात. "सायेब, धरान १०५ टीएमसीचं हाय. कुठनं सुरुवात करू?"

तसं हे पाणीही हिंडफिरं. काही कराडला कृष्णेला मिळतं, बरंचसं बोगद्यांतून पोफळीला जाऊन वीज करतं आणि वाशिष्ठीत उतरतं. फोन त्या वाटेनं गेलाच, तर निदान चार्ज तरी होईल.

हळहळ जेवणापर्यंत पुरते. "सगळे फोटो त्यात होते हो!" पिठलं-भाकरी वाढणारे आजोबा मान डोलावतात. त्यांचं घर, शेत, गावदेवाचं देऊळ, सगळं त्याच पाण्याखाली आहे. बॅकअप त्यांनीही घेतला नव्हता. कोयनेचं पाणी अडलं १९६० च्या दशकात. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाच्या फायली अजून सरकारी टेबलांवर तरंगताहेत.