सल्ला काउंटरवर, कृषी सहायक पोर्टलवर

ऑगस्ट लागला की हिंगोली जिल्ह्यात कृषी सेवा केंद्रांच्या काउंटरवर हळदीची पानं यायला लागतात. शेतकरी पिशवीतून पिवळं पडलेलं पान काढतो, काचेवर ठेवतो आणि विचारतो, "भाऊ, काय मारावं?" दुकानदार पान उलटंपालटं करून पाहतो आणि मागच्या फळीवरून तीन बाटल्या काढतो. एक बुरशीची, एक अळीची, एक टॉनिक. "पंपाला याचं एक टोपण, त्याचं दीड, हे अर्धं. तिन्ही एकत्र मारा, काका." पैसे हळद निघाल्यावर. वहीत नाव चढतं, सल्ला संपतो.

पण पान पिवळं पडलं कशानं? वावरात पाणी साचलं असेल, लोह कमी पडलं असेल, कंदमाशीच्या अळ्यांनी कंद पोखरला असेल किंवा कंदकूज लागली असेल. काचेवरच्या पानाला यातलं काही नीट सांगता येत नाही. झाड ओढून बघावं लागतं. ते सहज हातात आलं, बुडाशी मऊ लागलं, वास आला, तर कंद सडलाय. मग पहिलं काम चर काढून साचलेलं पाणी बाहेर घालवायचं. कंद उघडे पडले असतील तर मातीनं झाकायचे, म्हणजे कंदमाशीला अंडी घालायला जागा राहत नाही. औषधाचा विचार त्याच्या पुढचा. चर मात्र फळीवर विकायला नसतो, त्यामुळे काउंटरवर त्याचं नाव निघत नाही.

दुकानदाराला एकट्याला झोडपून काही होणार नाही. तो सकाळी आठला दुकान उघडतो, उधार देतो, फोन उचलतो. पण उधारीच्या वहीत नाव असलेला माणूस त्याच दुकानदाराला "ही तिसरी बाटली कशाला?" असं विचारू शकत नाही. कर्ज देणारा आणि सल्ला देणारा एकच झाला की सल्ला कर्जाच्या बाजूनं झुकतो. 2003च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शेतीची माहिती निविष्ठा विक्रेत्याकडून मिळते असं सांगणारी शेतकरी कुटुंबं 13.1 टक्के होती, सरकारी विस्तार कर्मचाऱ्याकडून मिळते म्हणणारी 5.7 टक्के. हे चित्र उलटलंय असं हिंगोली, सेनगाव, कळमनुरीच्या कुठल्याही दुकानापुढे उभं राहून म्हणता येणार नाही.

ज्याला काहीही विकायचं नाही असा सल्लागार सरकारनं नेमलेला आहे. तो कृषी सहायक. 2025 मध्ये त्याचं पदनाम 'सहायक कृषी अधिकारी' झालं. त्याच वर्षी या लोकांना लॅपटॉपसारख्या मागणीसाठी आंदोलन करावं लागलं, कारण महाडीबीटीचे अर्ज, पीएम किसानच्या दुरुस्त्या, पंचनाम्यांच्या याद्या, पीक कापणी प्रयोगांच्या नोंदी हेच त्यांचं दिवसभराचं काम होऊन बसलंय. 1980च्या दशकात 'प्रशिक्षण आणि भेट' योजनेत पंधरवड्याचा ठरलेला दिवस, ठरलेलं गाव, असा नेम होता. त्या योजनेत खोटही पुष्कळ होती, वरून आलेलं पाठ करून खाली सांगायची पद्धत होती. तरी माणूस बांधावर दिसायचा.

ज्ञान कमी आहे असंही नाही. परभणीचं कृषी विद्यापीठ 1972 पासून शेजारी आहे, दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिथून हवामानावर आधारित सल्ला निघतो. तोंडापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे, वसमतला हळद संशोधन केंद्र आहे, वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. विद्यापीठ तर हळदीवरच्या आपल्या शिफारशींखाली प्रामाणिकपणे नमूदही करत आलंय की या पिकावर केंद्रीय कीटकनाशक मंडळाचं लेबल क्लेम, म्हणजे औषध वापरायची अधिकृत मान्यता, नाही, हे संशोधनाचे निष्कर्ष आहेत. इतकी जोखमीची ओळ शेतकऱ्याला कोणीतरी समोर बसून समजावायला हवी. यवतमाळात 2017 मध्ये फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली. 'तिन्ही एकत्र मारा' हा सल्ला किती हलक्यानं घ्यायचा, हे त्यानंतर तरी कळायला हवं होतं.

माझी मागणी साधी आहे. जून ते ऑक्टोबर या पाच महिन्यांत कृषी सहायकाकडून पोर्टलची कामं काढा, ती दुसऱ्या कर्मचाऱ्याला द्या. त्याचा गावातला दिवस ठरवा आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. झाड उपटून बघितल्यावर त्यानं सल्ला चिठ्ठीवर लिहून सहीनं द्यावा. औषध लागत असेल तर त्याचं तांत्रिक नाव आणि मात्रा मिलिलिटरमध्ये, कंपनीचं नाव नाही. लागत नसेल तर 'फवारणी नको, चर काढा' एवढंच. ती चिठ्ठी खिशात असली की उधारीवर घेणाऱ्यालाही दोन बाटल्या परत फळीवर ठेवायला लावता येतात.

15 ऑगस्टला गावोगाव ग्रामसभा भरते. वसमत आणि औंढ्याच्या हळदकरी गावांनी हा ठराव तिथंच घ्यावा आणि जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांकडे पाठवून त्याची पोच मागावी.