जुन्या स्पोर्ट्स कारचे बॉल जॉइंट बदलण्याचा शास्त्रोक्त विधी : खास खडकीकरांसाठी

प्रस्तुत विधी जुनी स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्या सद्गृहस्थांसाठी आहे. खडकीत कुणाकडे आहे स्पोर्ट्स कार, असे बोपोडीची मंडळी विचारतील. तिकडे दुर्लक्ष करावे. जिला मालक चारचौघांत स्पोर्ट्स कार म्हणतो आणि चारचौघे हसू दाबतात, ती स्पोर्ट्स कार. या व्याख्येत प्रीमियर ११८ एनई चपखल बसते.

१९८५ साली कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ती काढली. इंजिन निस्सानचे, ११७१ सीसी. सांगाडा फियाट १२४ चा. आता पुरावा. याच १२४ च्या घराण्यात १९६६ साली स्पायडर ही उघड्या टपाची, पिनिनफारिनाने घडवलेली देखणी गाडी जन्मली आणि १९७२ साली तिच्यात बसून राफाएले पिंतो युरोपचा रॅली विजेता झाला. वर एक आर्म, खाली एक आर्म, दोन्हींच्या टोकाला बॉल जॉइंट, ही पुढच्या चाकांची बांधणी दोघींची एकाच वळणाची. म्हणजे आपली गाडी अंगाने घरगुती असली तरी पायाने स्पोर्ट्स कारच आहे. हा युक्तिवाद इन्शुरन्सवाल्यासमोर करू नये, हप्ता वाढेल.

लक्षणे

बॉल जॉइंट म्हणजे शाळेत शिकलेला खांद्याचा उखळीचा सांधा. वाटीत पोलादी गोळा, त्यामुळे चाक वरखालीही होते आणि वळतेही. त्यावर रबरी बूट. बुटाचे काम एवढेच, की आतले ग्रीस आत ठेवायचे आणि बाहेरचा चिखल बाहेर. तो फाटला की दोघेही जागा बदलतात. फाटक्या बुटात बोट घालून पाहावे. पिवळे ग्रीस राखाडी झालेले असते आणि दोन बोटांत चोळले की वाळू करकरते. हाच लेप गोळा आणि वाटी दोघांनाही रात्रंदिवस घासत असतो.

मालकाच्या अंगी हा विकार पुढील क्रमाने प्रकटतो. स्पीडब्रेकरवर 'टक्' असा आवाज येतो. मालक रेडिओ मोठा करतो. आवाज रेडिओच्या वर जातो. डिकीतला जॅक नीट बांधला नाही म्हणून घरच्यांना बोलणी बसतात. टायर एकाच कडेने झिजतो; टायर कंपनीचा उद्धार होतो. शेवटी स्टिअरिंग सरळ रस्त्यावरही स्वतःच्या मताने चालू लागते. तेव्हा मालक रस्त्याला शिव्या देतो आणि हा रस्ता नक्की कुणाच्या हद्दीत, या चर्चेत आणखी एक पावसाळा जातो.

रस्त्याचा दोष नाही असे नाही. या जमिनीचा इतिहासच तसा आहे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या लढाईत इंग्रजांवर चाल करून निघालेले मराठ्यांचे घोडदळ ऐन वेगात दलदलीत फसले. जिथे पेशव्यांच्या घोड्यांचे पाय टिकले नाहीत, तिथे कुर्ल्याच्या रबराने किती दिवस काढावेत?

साहित्य

जॅक, गाडी टेकवायला दोन भक्कम घोड्या, पान्यांचा संच, टॉर्क पाना, टॉमी, बॉल जॉइंटचा पुलर, दोन हातोडे, तारेचा ब्रश, ग्रीस, नवे नट आणि नव्या स्प्लिट पिना. बॉल जॉइंट नाना पेठेत शोधावा. संवाद साधारण असा होतो :

"११८ एनईचा बॉल जॉइंट आहे का हो?"

"वरचा का खालचा?"

"खालचा."

"डावा का उजवा?"

"दोन्ही."

"नाहीये."

खचू नये. जुना पार्ट काढून सोबत न्यावा, शेजारी शेजारी ठेवून शंकू, आटे आणि भोके ताडून पाहावीत, मगच पैसे द्यावेत. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात हातोडा जरूर घ्यावा, बॉल जॉइंट घेऊ नये. दुसऱ्याने झिजवलेला सांधा विकत घेण्यात काय पुरुषार्थ? आपला आहेच की.

सल्लागार मंडळ

खडकीत दारूगोळा कारखाना १८६९ पासून आहे. शिवाय ५१२ आर्मी बेस वर्कशॉप आहे. परिणामी इथल्या प्रत्येक गल्लीत किमान एक निवृत्त फिटर आहे, आणि निवृत्त फिटरला बोलवावे लागत नाही. जॅकचा दांडा फरशीवर वाजला की पुरे. पहिले येतात आप्पा. ते म्हणतात, "ठोक." मग येतात नाना. ते म्हणतात, "ठोकू नकोस." तिसऱ्यांना ही गाडीच पसंत नसते.

शास्त्रात यावर उपाय सांगितला आहे. आप्पांना सन्मानाने ड्रायव्हरच्या सीटवर बसवावे. त्यांची गरज पुढच्याच पायरीत आहे.

परीक्षा

मागच्या चाकांना दगड लावावेत. स्प्रिंग खालच्या आर्मवर बसलेली असते, म्हणून जॅकही खालच्या आर्मखालीच लावावा. चॅसीखाली लावला तर स्प्रिंगच्या ताणाने सांधा दाबलेला राहतो आणि झिजलेला असूनही निरोगी भासतो. चाक उचलले की वर आणि खाली हात धरून हलवावे. खेळ जाणवला तर म्हणावे, "आप्पा, जरा ब्रेक दाबून धरा." ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. तरीही राहिला तर सांध्याकडे वळावे. मग टायरखाली टॉमी घालून चाक वर रेटावे आणि नानांना बॅटरी घेऊन सांध्यापाशी बसवावे. गोळा वाटीत वरखाली होताना दिसला, की तिन्ही सल्लागारांचे प्रथमच एकमत होते.

खेळ नाही, ग्रीस स्वच्छ आहे आणि फक्त बूट फाटला आहे, असे निघाले तर आपण भाग्यवान. पुसून, नवे ग्रीस भरून, नवा बूट चढवावा. मात्र झिजलेल्या सांध्यावर नवा बूट घालणे ही निव्वळ रंगसफेदी.

कृती

या परिच्छेदात विनोद नाही. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणूस जायबंदी करण्याइतका जोर असतो. सांधा सुटल्यावर खालचा आर्म धरून ठेवणारा तो जॅकच. तो काम संपेपर्यंत हलवायचा नाही. गाडीचा भार घोड्यांवर घ्यावा आणि गाडीखाली डोके घालू नये.

गंजलेल्या नटाला आदल्या रात्री तेल पाजून ठेवावे. चाक उतरवावे, स्प्लिट पिन काढून नट सैल करावा. पूर्ण काढू नये, दोन-तीन आट्यांवर ठेवावा, म्हणजे सांधा सुटताना उडत नाही. मग पुलर लावून ताण द्यावा. तरीही हलला नाही तर आप्पांचे ऐकावे. मात्र बोल्टच्या टोकावर ठोकू नये, आटे चेपतात. सांध्याचा शंकू ज्या डोळ्यात बसतो, त्या डोळ्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर एकदम दोन हातोडे मारावेत. सांधा मोठा आवाज करून सुटतो. दुभंगलेल्या टोकाचा काटा ठोकूनही तो सुटतो, पण बूट हमखास फाटतो. म्हणून काटा मरणाऱ्या सांध्यासाठीच वापरावा.

सांधा आर्ममध्ये कसा बसवला आहे ते पाहून घ्यावे. बोल्टचा असेल तर घरी जमेल. रिव्हेटचा किंवा दाबून बसवलेला असेल तर आर्म घरी काढू नये, गाडी उचलून प्रेस असलेल्या वर्कशॉपात न्यावी. अभिमान बाजूला ठेवावा.

बसवताना शंकू आणि डोळा पुसून कोरडे करावेत. तिथे ग्रीस लावू नये. नट टॉर्क पान्याने मॅन्युअलात सांगितल्याइतका आवळावा. खाच भोकासमोर आली नाही तर आणखी थोडा आवळावा, मागे फिरवू नये. पिन नवीच घालावी. सांध्याला निप्पल असेल तर बूट किंचित फुगेपर्यंतच ग्रीस भरावे. आर्मचे बोल्ट सोडले असतील तर ते गाडी चाकांवर उभी केल्यावरच शेवटचे आवळावेत, नाहीतर बुशांना पीळ बसतो.

उद्यापन

दुसऱ्या बाजूचेही त्याच वेळी बदलावे. दोन्ही सांध्यांनी तेच खड्डे खाल्ले आहेत. व्हील अलाइनमेंट करून घ्यावे. सल्लागारांना चहा पाजावा. आप्पांनी अजून ब्रेक सोडलेला नसतो.

शेवटी एकच विनंती. दर पावसाळ्याआधी आणि नंतर चाकांमागे बॅटरी मारून बूट पाहा. फाटका बूट ही स्वस्तातली सूचना आहे. ती ऐकली नाही तर एक दिवस खालचा सांधा वाटीतून निसटतो, चाक आडवे होते आणि गाडी जागीच बसते. सांध्यात खेळ निघाला तर गाडी गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नका. मेकॅनिकला घरी बोलवा किंवा गाडी उचलून न्या.