तांदूळ पाठवा, पीठ नको

हॅरो, लंडन
वसुबारसेच्या तीन आठवडे आधी

ती. आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

कर्जतला फराळाची यादी सुरू झाली असणार, म्हणून हे पत्र यादीला गाठायला घाईघाईने निघालं आहे. फराळाबद्दल तक्रार नाही. नातवाला तीळ, शेंगदाणा आणि दूध वर्ज्य आहे हे तुम्हा दोघांना मनाच्या श्लोकांसारखं पाठ आहे. भांडण आहे ते डब्याशेजारच्या पिशवीशी. उटणं, घाण्यावरचं तिळाचं तेल, बदाम आणि साय घातलेला साबण ही मंडळी 'खायची थोडीच आहेत' एवढ्या एका वाक्याच्या पासपोर्टवर विमानात बसतात, आणि तो पासपोर्ट बनावट आहे. ज्याला अन्नाची ॲलर्जी आहे, त्याच्या अंगाला लावायची वस्तू ताटात वाढायच्या वस्तूइतकीच तपासावी लागते. तपासताना 'नैसर्गिक आहे का?' हे विचारून काही हाती लागत नाही. विचारायचं ते असं: यात कोणाचं प्रथिन आहे?

कारण ॲलर्जी चवीची नसते, प्रथिनाची असते, आणि शरीराला ते प्रथिन तोंडातूनच भेटायला हवं असं नाही. जपानचंच बघा. तिथे 'चा नो शिझुकू' नावाचा चेहरा धुण्याचा साबण फार खपत होता. त्यात गव्हाचं विघटित प्रथिन होतं. जन्मभर पाव आणि नूडल्स सुखाने खाणाऱ्या बायका रोज त्या साबणाने तोंड धुऊ लागल्या, आणि पुढे त्यांतल्या कित्येकींना गहू खाल्ल्यावर पापण्या सुजणं, अंगावर गांध्या उठणं, श्वास लागणं असले त्रास सुरू झाले. २०११ मध्ये साबण बाजारातून परत मागवला गेला, आणि बाधितांची मोजदाद दोन हजारांच्या वर गेली. गव्हाशी इतक्या वर्षांचा संसार, आणि तो मोडला साबणाने! युरोपने २०१७ मध्ये नियमच केला, की सौंदर्यप्रसाधनांतल्या गव्हाच्या प्रथिनाचे तुकडे ठरावीक आकाराहून मोठे नसावेत आणि शेंगदाण्याच्या तेलात शेंगदाण्याचं प्रथिन दहा लाख भागांत अर्ध्या भागाहून जास्त नसावं. सरकारं एवढ्या बारीक गोष्टीत उगाच डोकं घालत नाहीत.

बाबा विचारतील, कातडीला काय कळतं? कातडीला फार कळतं, आणि बऱ्याचदा उलटं कळतं. ब्रिटनमधल्या सुमारे १४ हजार मुलांच्या नोंदींवरून गिडिऑन लॅक आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलं, की शेंगदाण्याची ॲलर्जी झालेल्या मुलांना तान्हेपणी शेंगदाणा तेल असलेली मलमं जास्त प्रमाणात लावली गेली होती. त्यातून पुढे आलेला विचार सोपा आहे. अन्न तोंडावाटे लवकर आलं तर शरीर त्याला पाहुणा समजतं, आणि इसब झालेल्या, फुटलेल्या कातडीतून शिरलं तर चोर समजतं. पुढच्या दाराने आलेल्याला चहा, खिडकीतून आलेल्याला काठी. भोर घाट चढायला कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात ना, तशी फुटलेली कातडी ॲलर्जीला मागून रेटा देते.

आता आजीचा आक्षेप, आणि तो सगळ्यांत वजनदार: 'आमच्या सात पिढ्या तिळाच्या तेलाने न्हाल्या, कोणाला काही झालं नाही.' मान्य. पण त्याच सात पिढ्यांनी दाण्याचं कूट आणि तिळाची चटणी दात यायच्या सुमारासच चाखायला सुरुवात केली होती. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या प्रयोगात इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ६४० बाळांपैकी निम्म्यांना लवकर शेंगदाणा भरवला आणि निम्म्यांना दिला नाही. सुरुवातीच्या त्वचाचाचणीत ज्यांच्यात काही आढळलं नव्हतं, त्यांच्यातही पाचव्या वर्षी फरक दिसला: न खाणाऱ्यांत १३.७ टक्के मुलांना ॲलर्जी, खाणाऱ्यांत १.९ टक्के. म्हणजे आजीचं स्वयंपाकघर शास्त्राच्या पुढे होतं, हे मी पत्रात लेखी देतो. तिने ते देवघरात लावावं. पण हा उपाय ॲलर्जी होण्याआधीचा. झाल्यावर तोच तीळ शत्रू ठरतो, मग तो चटणीतला असो की अभ्यंगातला. आरोपी परंपरा नाही. आरोपी एक प्रथिन आहे, आणि तेही फक्त काही घरांत.

'पण हे सगळं शुद्ध, नैसर्गिक आहे. तिकडचं म्हणजे नुसती केमिकलं' हा दुसरा आक्षेप. याला उत्तर कर्जतच्या रानातच आहे. बिब्बा शंभर टक्के नैसर्गिक, काजूच्या कुळातला, आणि त्याचं तेल अंगाला लागलं तर फोड उठतात. 'बिब्बा घालणे' हा वाक्प्रचार मराठीत उगाच आलेला नाही. उलट पेट्रोलियम जेली खनिज तेलातून निघते. ऐकायला रॉकेलची मावसबहीण वाटते, पण तिच्यात ना तीळ, ना दूध, ना कसलं प्रथिन. तेलांतही तसंच. कारखान्यात चांगलं शुद्ध केलेल्या तेलातून प्रथिन जवळजवळ निघून जातं, तर लाकडी घाण्याच्या तेलात ते मागे राहू शकतं. शिवाय एकाच घाण्यावर सकाळी शेंगदाणा, दुपारी तीळ, संध्याकाळी खोबरं निघत असेल, तर ते खोबरेल नावापुरतंच खोबरेल. ज्या गुणासाठी घाण्याचं तेल दुप्पट दराने घ्यावं, तोच गुण इथे दोष ठरतो.

मग लेबल वाचा म्हणाल, तर तिथे वेगळीच परीक्षा. ब्रिटनमध्ये खाद्यपदार्थाच्या पाकिटावर दूध, तीळ, शेंगदाणा धरून १४ गोष्टी उठून दिसतील अशा छापाव्या लागतात. साबणाला ती सक्ती नाही. त्यावर वनस्पतींची लॅटिन नावं असतात. 'प्रूनस अमिग्डॅलस डल्सिस' हा रोमन सेनापती नसून बदाम आहे. 'अरॅकिस हायपोजिया' म्हणजे कोट घातलेला शेंगदाणा, 'सेसॅमम इंडिकम' हा आपलाच तीळ, आणि 'लॅक' म्हणजे दूध. आयुर्वेदिक डबीवर हीच मंडळी संस्कृतात भेटतात: गोधूम म्हणजे गहू, दुग्ध म्हणजे ते दुग्धच. 'हायपोॲलर्जेनिक' या भारदस्त शब्दावर तर मुळीच भुलू नका. अमेरिकेत सरकारने १९७५ मध्ये त्या शब्दाला व्याख्या लावायचा प्रयत्न केला. कंपन्या कोर्टात गेल्या आणि १९७७ मध्ये तो नियम रद्द झाला. तेव्हापासून त्या शब्दाचा तिथे कंपनी सांगेल तो अर्थ.

'एवढं घाबरून जगायचं का?' हा शेवटचा आक्षेप, आणि त्यात तथ्य आहे. धडधाकट कातडीतून फार थोडं आत जातं, आणि पुष्कळदा गोष्ट खाज-गांधीवरच थांबते. म्हणून शेजाऱ्याचं उटणं बघून पळायचं कारण नाही. पण इसब असलेलं, तेलाचे हात सरळ तोंडात घालणारं पोर वेगळं, आणि ओठांचं मलम, दंतमंजन या वस्तू तर अर्ध्या खाल्ल्याच जातात. 'मनगटावर थोडं लावून बघू' हा प्रयोग ज्याची ॲलर्जी ठाऊक आहे त्याच वस्तूचा घरी करायचा नसतो. तो डॉक्टरांच्या दवाखान्यात. बाकी भीतीला उतारा म्हणजे छोटी यादी. तीन घटकांचा साबण वाचता येतो. बत्तीस वनौषधींचा साबण म्हणजे बत्तीस अनोळखी पाहुणे.

तेव्हा या घराची दिवाळी अशी ठरली आहे. अभ्यंग होणारच, तिळाऐवजी साध्या बाटलीबंद खोबरेलाने. उटण्यात दूध नाही, साय नाही. बेसन शेंगदाण्याच्याच कुळातलं, म्हणून डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय तेही नाही. त्याऐवजी तांदळाचं पीठ आणि कोमट पाणी. तांदूळ आणि नारळ त्या १४ नावांत नाहीत. त्यांचीही ॲलर्जी क्वचित असते, पण या पोराने दोन्ही भरपूर पचवली आहेत. आणि कर्जतकरांना तांदळासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायची वेळ कधी आली? गावातल्या कृषी संशोधन केंद्रातून निघालेल्या भाताच्या जाती आपलंच नाव लावून हिंडतात.

फक्त एक करा. तांदूळ गिरणीत दळून पाठवू नका; आपल्या आधी त्या जात्यातून कोणाचं काय दळून गेलं हे गिरणीवालाही सांगू शकणार नाही. दोन किलो 'कर्जत-३' निवडून, अख्खा पाठवा. दळायचं काम इथला मिक्सर करील.

आपला,
चि.