दात्याची मशागत

आमचे दाजी तालुक्याच्या कॉलेजात भूगोल शिकवतात. म्हणजे नेमणूक भूगोलाची आहे. गेल्या पाच वर्षांत त्यांनी मतदारयाद्या, एनएसएसचा कॅम्प, तक्रार निवारण समिती आणि वृक्षारोपणाच्या फोटोंचे जिओटॅगिंग एवढे सगळे उरकले. त्यातल्या शेवटच्या कामाचा भूगोलाशी थोडा संबंध होता. जूनमध्ये प्राचार्यांनी बोलावून सांगितले, "सर, तुमचा स्वभाव गोड आहे. माजी विद्यार्थी, निधी आणि प्रसिद्धी आजपासून तुमच्याकडे." नुसता स्वभाव पुरणार नाही असे वाटले असावे, म्हणून तीन दिवसांच्या क्षमताविकास कार्यशाळेलाही धाडले.

परत आल्यावर दाजींनी वही माझ्यापुढे टाकली. पहिली चार पाने नुसती शब्दांची. देणगी मागणे याला आता 'अ‍ॅडव्हान्समेंट' म्हणतात. अमेरिकेत या मंडळींची 1974 पासून मोठी संघटना आहे, तिचे नाव केस. हे ऐकून सभागृह जरा दचकले, कारण आमच्या विद्यापीठांत केस म्हटले की आधी हायकोर्ट आठवते. माजी विद्यार्थी हा लगेच दाता नसतो. तो 'प्रॉस्पेक्ट' असतो. त्याचे 'कल्टिवेशन' करायचे, मग 'आस्क' आणि पैसे आले की 'स्टुअर्डशिप'. कल्टिवेशनला मागच्या रांगेतले दुष्काळी भागातले एक सर जागे झाले. म्हणाले, "मशागत आमच्याकडं दरवर्षी होते, पाऊसच पडत नाही." ट्रेनरबाईंनी ते फीडबॅक म्हणून लिहून घेतले.

मग 'एलेव्हेटर पिच'. लिफ्टमध्ये बडा माणूस भेटला तर तीस सेकंदांत संस्था कशी विकायची, याचा सराव. दाजींच्या कॉलेजला लिफ्ट नाही. जिना आहे आणि बडा माणूस तो चढताना दोनदा थांबतो, त्यामुळे वेळ भरपूर मिळतो. पण तोवर त्यालाच धाप लागलेली असते.

चहाच्या आधी नंदन निलेकणी आले. स्लाइडवर. 2023 साली त्यांनी आयआयटी मुंबईला 315 कोटी दिले, आधीचे 85 धरून 400. असे माजी विद्यार्थी आपल्याकडेही आहेत, फक्त शोधायला हवेत, असे बाई म्हणाल्या. दाजींनी समासात हिशेब मांडला. नॅकला दरवर्षी जो अहवाल जातो त्यात 5.4.2 असा रकाना आहे: यंदा माजी विद्यार्थ्यांकडून किती आले? सगळ्यांत वरची पायरी पाच लाखांची, सगळ्यांत खालची लाखाच्या आतली. 315 कोटी भागिले पाच लाख, उत्तर 6300. म्हणजे एक निलेकणी सापडला तर 6300 वर्षांची निश्चिंती. दाजींचे माजी विद्यार्थी एसटीत आहेत, तलाठी आहेत, दूधसंघात आहेत. एक आमदार झाला. त्याने कॉलेजला हायमास्ट दिवा दिला. दिव्याच्या खांबावर त्याचे नाव दिव्याहून ठळक आहे.

त्यावरूनच दुसऱ्या दिवशीचा विषय निघाला, 'नेमिंग राइट्स'. ही जणू परवाची युक्ती असावी अशा थाटात बाई बोलत होत्या. दाजी मुंबई विद्यापीठात शिकलेले. राजाबाई टॉवरखाली उभे राहून त्यांनी निकाल पाहिलेत. प्रेमचंद रायचंदांनी 1864 साली ग्रंथालयासाठी आणि मनोऱ्यासाठी लाखांनी रुपये दिले आणि मनोऱ्याला आईचे नाव लागले. 1865 मध्ये कापसाच्या तेजीचा फुगा फुटला आणि शेटजी बुडाले. मनोरा मात्र 1878 साली पुरा झाला. पुढे 1920 साली विठ्ठलदास ठाकरसींनी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला 15 लाख दिले, तिथेही नाव आईचेच, नाथीबाईंचे. माझ्या मते आपल्याकडच्या निधी संकलनाचे सगळे शास्त्र यात आलेय: दाता तेजीत गाठावा आणि त्याच्या आईची चौकशी करावी. कर्वे स्वतः सत्तरी गाठल्यावर, 1929 साली, विद्यापीठासाठी युरोप-अमेरिकेला निघाले. त्यांच्याकडे ब्रोशर असेल, पण लॅनयार्ड नक्की नसणार.

दाजींनी एक शंका विचारली. रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी लक्ष्मीबाई पाटलांनी दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. तर 'डोनर पिरॅमिड'मध्ये त्यांना कुठल्या थरावर बसवायचे? बाईंनी लंच ब्रेक जाहीर केला.

जेवणानंतर गटकार्य. चार्टपेपर, स्केचपेन, विषय 'आदर्श दाता रेखाटा'. सहाही गटांनी टाय घातलेला माणूस काढला. एका गटाने त्याच्या हातात कॅल्क्युलेटर दिला. प्रसिद्धीच्या सत्रात 'आपली गोष्ट सांगा' असे शिकवले, आणि सराव म्हणून लिहिलेल्या सर्व बातम्या 'मान्यवरांच्या हस्ते दीपप्रज्वलन करून मोठ्या उत्साहात संपन्न झाल्या'. शेवटी माजी विद्यार्थ्यांची माहिती ठेवणारे सॉफ्टवेअर दाखवले. कॉलेजात हे काम एक शिपाई करत असे. कोण कुठल्या गावचा, कोणाच्या बापाचा ऊस कुठल्या कारखान्याला जातो, कोणी कुणाला चिठ्ठी दिली होती, सगळे तोंडपाठ. तो दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला. जागा भरलेली नाही.

दाजी नव्या उमेदीने कामाला लागले. व्हॉट्सअ‍ॅपवर गट काढला. पहिल्याच आठवड्यात मेलबर्नहून जुन्या विद्यार्थ्याचा फोन. दाजी उभे राहून बोलले. "सर, तुमचा मेसेज पाहिला, फार बरं वाटलं. माझं ट्रान्सक्रिप्टचं काम अडलंय, बघता का?"

दाजी विद्यापीठाच्या खिडकीवर गेले. खिडकीत एक हात आणि डबा दिसत होता. हात म्हणाला, चलन या खिडकीवर नाही. ज्या खिडकीवर होते तिथले साहेब मीटिंगला गेले होते. दाजींनी आपण कार्यशाळेहून आल्याचे सांगितले, 'स्टुअर्डशिप' हा शब्दही वापरून पाहिला. हाताने डब्याचे झाकण लावले. चार फेऱ्या झाल्या, दोनदा एसटी चुकली. पोरगा सभ्य आहे, दर रविवारी मेसेज करतो: "सर, काही समजलं का?" देणगीचा विषय त्याच्यापुढे काढायला दाजींची जीभ रेटत नाही.

आज अर्जाला 41 दिवस झाले. 5.4.2 च्या रकान्यात तूर्त 5001 रुपये आहेत. ते दाजींच्याच पगारातून गेले. तेही याच कॉलेजचे माजी विद्यार्थी आहेत.